लहान वराहपालक आणि रोगाच्या वाटा

कुंडलिका नदीच्या एका तीरावर जुना जालना आणि दुसऱ्या तीरावर नवीन जालना अशा दोन भागांत वसलेले जालना शहर बियाणे, लोखंडी सळया आणि मोसंबी यांच्यासाठी महाराष्ट्रभर ओळखले जाते, आणि २०२३ साली ते राज्यातील २९वी महानगरपालिका झाले. या ओळखीत डुकरांना कोठेही स्थान नाही. तरीही मराठवाड्यातील इतर शहरांप्रमाणे येथेही नाल्यांच्या कडेने आणि वस्त्यांच्या टोकाशी दोन-चार, फार तर दहा-पंधरा डुकरे बाळगणारी कुटुंबे आहेत. कैकाडी, वडार यांसारख्या समाजांतील अनेक घरांचा हा पूर्वापार जोडव्यवसाय असून लग्नकार्य, आजारपण किंवा मुलांच्या शाळेचा खर्च उभा राहिला की एखादे डुक्कर विकून तो भागवला जातो. या कुटुंबांच्या दारात रोग शिरला तर काय बुडते, हे शासकीय आकडेवारीवरून लक्षात येत नाही. २०१९ च्या पशुगणनेत देशभरातील डुकरांची संख्या सुमारे ९० लाख ६० हजार भरली आणि ती आधीच्या, म्हणजे २०१२ च्या गणनेपेक्षा १२ टक्क्यांनी कमी होती, एवढे आकडे सांगतात. ज्या घराची सारी शिल्लक तीन डुकरांत गुंतलेली असते, त्या घराला ती तिन्ही एका आठवड्यात गेल्यावर काय सोसावे लागते, ते आकड्यांत उतरत नाही.

लहान प्रमाणावरील वराहपालनात रोग आटोक्यात ठेवण्याचे काम औषधाच्या बाटलीपासून सुरू होत नाही. ते रोगाच्या वाटा ओळखण्यापासून आणि त्या वेळीच अडवण्यापासून सुरू होते. रोगजंतूंना बाहेरच ठेवण्याच्या या साऱ्या व्यवस्थेला पशुवैद्यकशास्त्रात जैवसुरक्षा म्हणतात. तिच्यातील निम्मा भाग पालकाच्या हाती असतो. उरलेला निम्मा भाग शासनाच्या, नगरपालिकेच्या आणि समाजाच्या हाती असतो, आणि महाराष्ट्रात हा दुसरा भागच अधिक दुबळा राहिला आहे. गाय-म्हैस पाळणारा तो पशुपालक आणि डुक्कर पाळणारा तो उपद्रव, अशी विभागणी जोवर मनात घट्ट आहे, तोवर डुकरांचे रोग लपवलेच जातील आणि लपवलेला रोग पसरतच राहील.

डुकरांच्या रोगांत सर्वाधिक भय दोन तापांचे आहे, आणि त्या दोघांतील फरक समजून घेतल्याखेरीज प्रतिबंधाचा विचार पुढे सरकत नाही. पहिला अभिजात स्वाइन फीवर, ज्याला पशुवैद्यक नुसते स्वाइन फीवर म्हणतात. भारतात त्याची पहिली नोंद १९४४ साली अलीगढ येथे झाली आणि तेव्हापासून तो देशात ठाण मांडून आहे. दुसरा आफ्रिकन स्वाइन फीवर; त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन १९२१ साली केनियातून प्रसिद्ध झाले, २००७ मध्ये तो जॉर्जियात उतरला, २०१८ मध्ये चीनमध्ये पोहोचला आणि २०२० च्या मे महिन्यात आसाम व अरुणाचल प्रदेशात त्याचे निदान निश्चित झाले. नावे सारखी असली तरी दोहोंचे विषाणू पूर्णपणे वेगळ्या कुळांतले आहेत आणि एकावरची लस दुसऱ्यावर काडीचाही उपयोग करत नाही.

पालकाच्या डोळ्यांना मात्र दोन्ही ताप सारखेच दिसतात. डुक्कर खाणे सोडते, अंगाचा ताप ४१ अंश सेल्सियसपर्यंत चढतो, थंडी भरल्याप्रमाणे जनावरे एकमेकांवर रेलून पडून राहतात, मागचे पाय लटपटतात, कान, पोट आणि मांड्यांची कातडी लालसर-जांभळी पडते, आधी बद्धकोष्ठ आणि मग जुलाब होतात, गाभण माद्या गाभडतात आणि काही दिवसांत मरतूक सुरू होते. विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतच्या काळाला अधिशयन काळ म्हणतात. या रोगांत तो काही दिवसांपासून दोन-अडीच आठवड्यांपर्यंत असू शकतो. वरून धडधाकट दिसणारे डुक्कर या काळात बाजारातून घरी येते, आणि रोगही त्याच्याबरोबर येतो. नेमका ताप कोणता, हे फक्त प्रयोगशाळा सांगू शकते. महाराष्ट्रातील संशयित नमुन्यांची वाट पुण्यातील औंध येथील रोग अन्वेषण विभागाकडून भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेपर्यंत जाते. म्हणून मेलेले डुक्कर घरीच कापून पाहणे किंवा त्याचे मांस वाटून घेणे हा सर्वांत घातक उद्योग ठरतो, कारण रोगट जनावराच्या रक्ताच्या थेंबाथेंबात विषाणू असतो आणि जेथे ते रक्त सांडते ती जमीन, ती सुरी, तो हात आणि ती चप्पल रोगाची वाहक बनते.

पहिल्या तापावर लस आहे, आणि तिची कथा भारतीय पशुवैद्यकांच्या चिकाटीची साक्ष देणारी आहे. अनेक दशके ही लस सशांच्या शरीरात विषाणू वाढवून तयार केली जात असे. एका सशाच्या प्लीहेपासून जेमतेम ५० मात्रा मिळत, त्यामुळे देशाला वर्षाला दोन कोटींहून अधिक मात्रांची गरज असताना उत्पादन बारा लाखांच्या आसपासच अडकून पडले होते. बरेलीजवळच्या इज्जतनगर येथील भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेने भारतातच सापडलेला विषाणू पेशीसंवर्धनाच्या, म्हणजे काचपात्रात वाढवलेल्या जिवंत पेशींच्या, मदतीने निर्धोक करून नवी लस विकसित केली आणि फेब्रुवारी २०२० मध्ये ती देशाला दिली. तिच्यासाठी ससे मारावे लागत नाहीत, एका मात्रेचा उत्पादनखर्च दोन रुपयांच्या घरात येतो आणि तिने मिळणारे संरक्षण जुन्या लशीपेक्षा अधिक काळ टिकते.

लस असणे आणि ती नवीन जालन्यातल्या चार डुकरांच्या दारापर्यंत पोहोचणे यांत मात्र मोठे अंतर आहे. एका कुपीत अनेक मात्रा असतात. कुपी एकदा द्रावणात मिसळली की ती काही तासांत संपवावी लागते, आणि तोवर तिला २ ते ८ अंश सेल्सियस एवढाच थंडावा लागतो. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडत असताना आणि वीज जात असताना ही शीतसाखळी तुटली, तर टोचलेली लस पाण्याइतकीच निरुपयोगी ठरते आणि पालकाचा लशीवरचा विश्वास उडतो तो वेगळाच. एकट्यादुकट्या पालकाने पशुवैद्यकाला बोलावून चार जनावरांसाठी कुपी फोडायला सांगणे त्यामुळे व्यवहार्य नसते. वस्तीतील सर्व पालकांनी मिळून एक सकाळ ठरवावी, डुकरे आदल्या रात्रीच बंदिस्त करावीत आणि पशुधन विकास अधिकाऱ्याने बर्फाच्या पेटीसह येऊन तासा-दोन तासांत साऱ्या वस्तीचे लसीकरण उरकावे, हाच मार्ग परवडतो. लाळ्या-खुरकुतासाठीही तोच मार्ग आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये मथुरेतून सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात लाळ्या-खुरकुताच्या लसीकरणासाठी गाई-म्हशी आणि शेळ्या-मेंढ्यांबरोबर डुकरांचाही समावेश केलेला आहे, ही गोष्ट अनेक पालकांपर्यंत पोहोचलेलीच नाही. लाळ्या-खुरकूत झालेले डुक्कर श्वासावाटे इतर जनावरांच्या मानाने कितीतरी अधिक विषाणू हवेत सोडते, तेव्हा डुकरांना लस देण्यात शेजारच्या गोठ्यातील बैलांचेही हित असते.

आफ्रिकन स्वाइन फीवरची गोष्ट निराळी. त्याच्यावर भारतात वापरण्याजोगी लस अद्याप नाही. व्हिएतनामने २०२३ मध्ये आपल्या देशात लशींच्या व्यापारी वापराला परवानगी दिली आहे, पण तेथेही सावधपणेच पावले टाकली जात आहेत. लागण झालेल्या कळपातील जवळजवळ सर्व जनावरे दगावू शकतात आणि कोणतेही औषध त्यावर चालत नाही. माणसाला मात्र हा रोग होत नाही, हे ठामपणे सांगायला हवे. त्याचा विषाणू कमालीचा चिवट असून थंड ठेवलेल्या मांसात तो महिनोन्महिने तग धरतो, आणि म्हणूनच तो डुकरांच्या पायांनी जेवढा चालतो त्याहून कितीतरी अधिक माणसांच्या गाड्यांनी आणि डब्यांनी प्रवास करतो. आसामात शिरल्यानंतर दोन-अडीच वर्षांत तो तेथून शेकडो किलोमीटर दूरच्या राज्यांत उगवला: जुलै २०२२ मध्ये केरळच्या वायनाडमध्ये, त्याच सुमारास लखनौमध्ये आणि ऑगस्टमध्ये मध्य प्रदेशातील रेवा शहरात. रेव्याचे उदाहरण जालन्यासारख्या शहराने नीट अभ्यासावे. तेथे रोग मोठ्या फार्मवर फुटला नव्हता, तो वस्त्यांतून फिरणाऱ्या आणि किरकोळ पालकांनी सांभाळलेल्या डुकरांत फुटला आणि दोन आठवड्यांत दोन हजारांहून अधिक डुकरे मेली. समृद्धी महामार्ग जालन्याजवळून जातो. नागपूरकडून निघालेली जनावरांची गाडी आता काही तासांत येथे पोहोचते, आणि रोगालाही तीच सोय उपलब्ध आहे.

लहान पालकाच्या दारात रोग शिरण्याची सर्वांत रुंद वाट खरकट्याची आहे. खानावळी, कामगारांच्या मेस, मंगल कार्यालये आणि हॉटेले यांतून उरलेले अन्न हाच या व्यवसायाचा आधार आहे, कारण विकतचे खाद्य घालून दोन-चार डुकरे पाळणे कोणालाही परवडत नाही. खरकटे बंद करा, असा उपदेश करणे म्हणजे व्यवसायच बंद करा असे सांगणे होय. खरा प्रश्न ते कसे द्यावे हा आहे. खरकट्यात डुकराच्या मांसाचा तुकडा, हाडे किंवा मांस धुतलेले पाणी असेल, तर त्यातून दोन्ही तापांचे विषाणू येऊ शकतात. जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या निकषांनुसार असे अन्न किमान ९० अंश सेल्सियसवर तासभर, सतत ढवळत शिजवले तर ते निर्धोक होते. नुसती एक उकळी आणणे पुरेसे नाही, कारण तळाशी आणि गोळ्यांच्या आत उष्णता पोहोचत नाही. कच्चे खरकटे आणणारी बादली आणि शिजलेले अन्न घालणारी बादली या दोन वेगळ्या असल्या पाहिजेत, नाहीतर तासभराचे जळण फुकट जाते. मराठवाड्यातील लग्नाच्या पंगती बहुधा शाकाहारी असतात, त्यामुळे मंगल कार्यालयातील अन्नाचा धोका खानावळीच्या मानाने कमी असतो. पण दोन्हींचे अन्न एकाच पिंपात ओतले की तो फायदा संपतो.

खरकट्याचा आणखी एक धोका असा आहे की तो संसर्गाचा नसूनही संसर्गासारखा दिसतो. लोणची, पापड आणि खारट भाज्यांनी भरलेले खरकटे खाल्ल्यावर डुकरांना भरपूर पाणी मिळाले नाही, तर शरीरातील मिठाचे प्रमाण बिघडून त्यांना झटके येतात, ती आंधळ्यासारखी भिंतीवर आदळतात आणि मरतात. पाण्यासाठी जायकवाडीकडे डोळे लावून बसणाऱ्या शहरात हा प्रकार उन्हाळ्यात घडणे स्वाभाविक आहे आणि त्याला साथ समजून पालक घाबरून जातात. स्वच्छ पाणी सतत पुढ्यात असणे हा या दुखण्यावरचा प्रतिबंध होय. डुकराला घाम जवळजवळ येत नाही. अंग थंड करण्यासाठी ते चिखलात लोळते, आणि तो चिखल नाल्याचा असेल तर जंत, खरूज आणि जुलाब बरोबर येतात. सावली, वारा खेळता राहील असे छप्पर आणि दुपारी अंगावर पाण्याचा शिडकावा यांनी उष्णतेचा ताण कमी होतो, आणि ताण कमी झालेले जनावर रोगाशी अधिक चांगले झुंजते.

दुसरी वाट नराची आहे. दोन माद्या पाळणाऱ्याला स्वतःचा नर बाळगणे परवडत नाही, म्हणून एकच नर साऱ्या वस्तीत फिरवला जातो आणि मादी लावून घेण्याच्या मोबदल्यात एखादे पिल्लू किंवा रोख रक्कम दिली जाते. हा नर ज्या ज्या दारात जातो त्या त्या दारातील रोग पुढच्या दारात नेऊ शकतो. यावर उपाय म्हणजे नराच्या मालकाने त्याचे लसीकरण काटेकोर ठेवणे, ज्या घरी जनावर आजारी आहे तेथे नर न पाठवणे आणि वस्तीत ताप दिसताच नर फिरवणे पूर्णपणे थांबवणे. बाजारातून आणलेल्या नव्या जनावराला तीन ते चार आठवडे वेगळ्या जागी, वेगळ्या भांड्यांत, घरच्या डुकरांपासून दूर ठेवणे यालाच विलगीकरण म्हणतात. जागेची अडचण असलेल्या वस्तीत हे अवघड आहे, हे मान्य करावे लागते. पण अधिशयन काळ लक्षात घेतला तर यापेक्षा स्वस्त विमा दुसरा नाही.

तिसरी वाट माणसांची. सौदा करायला दारोदार हिंडणारा व्यापारी, त्याची दोरी, वजनकाटा आणि गाडी, जनावरे कापणाऱ्याचे कपडे, सुई टोचायला येणारा गावठी उपचारक हे सगळे एका दारातून दुसऱ्या दारात रोग नेतात. विशेषतः एकाच सुईने दहा डुकरांना टोचणे ही रोग रक्तातून रक्तात पोहोचवण्याची खात्रीची रीत आहे. व्यापाऱ्याने जनावर कुंपणाबाहेरून पाहावे, आत येऊ नये. आत जाणाऱ्यासाठी दाराशी ठेवलेली वेगळी चप्पल असावी. आणि दाराशी चुन्याची फक्की किंवा ब्लीचिंग पावडरचे पाणी असावे. या पाण्याबाबत एक गैरसमज फार पसरलेला आहे. शेणाचिखलाने माखलेला पाय त्यात बुडवला तर निर्जंतुकीकरण होत नाही, कारण चिखल औषधाला विषाणूपर्यंत पोहोचूच देत नाही. आधी ब्रशने घासून पाय धुवावा, मग बुडवावा, आणि ते पाणी रोज बदलावे. शेडची जमीनही आधी खरवडून, साबणाच्या पाण्याने धुऊन, वाळवून मगच निर्जंतुक करावी. कडक ऊन हे जालन्यात फुकट मिळणारे जंतुनाशक आहे आणि रिकामी जागा काही दिवस उन्हात तापू देण्याचा फायदा पालकांनी जरूर घ्यावा.

मोकाट सोडलेली डुकरे बंदिस्त करावीत, हा सल्ला पशुवैद्यक आणि नगरपालिका दोघेही देतात आणि तो बरोबर आहे. परंतु बंदिस्त पालनात नवे दुखणे येते, याची पूर्वसूचना फार थोड्या ठिकाणी दिली जाते. नवजात पिलाच्या शरीरात लोहाचा साठा सुमारे ५० मिलिग्रॅम असतो, त्याची रोजची गरज सुमारे ७ मिलिग्रॅम असते आणि आईच्या दुधातून त्याला दिवसाला जेमतेम १ मिलिग्रॅम लोह मिळते. मातीत तोंड खुपसणारे मोकळे पिल्लू ही तूट मातीतून भरून काढते. सिमेंटच्या फरशीवर वाढणारे पिल्लू दुसऱ्या आठवड्यात पांढुरके पडू लागते, धापा टाकते, जुलाबांना बळी पडते. जन्मानंतर तिसऱ्या दिवसाच्या सुमारास लोहाचे एक इंजेक्शन पशुवैद्यकाकडून दिले तर हे टळते. ज्याने शासनाचे ऐकून डुकरे बंद केली आणि पहिल्याच वेतात निम्मी पिल्ले गमावली, तो पालक दुसऱ्या खेपेस डुकरे पुन्हा मोकळी सोडतो, आणि त्याला दोष देता येत नाही. ११४ दिवसांच्या गाभणकाळानंतर मिळणारी आठ-दहा पिल्ले हीच त्याची कमाई असते. साथीच्या तापाची बातमी होते. पिल्लांचे जुलाब, आईखाली चिरडणे, गारठा आणि रक्तक्षय यांची बातमी होत नाही, पण साथ नसलेल्या वर्षात लहान पालकाचे नुकसान करणारी कारणे हीच आहेत.

डुकरांच्या रोगप्रतिबंधात साऱ्या शहराचा जीव ज्यात गुंतला आहे, तो विषय फीतकृमीचा. टिनिया सोलियम नावाचा हा चपटा, लांबलचक जंत माणसाच्या आतड्यात राहतो आणि त्याची अंडी माणसाच्या विष्ठेतून बाहेर पडतात. उघड्यावरील विष्ठा खाणाऱ्या डुकराच्या पोटात ती अंडी गेली की त्यांतून निघालेल्या अळ्या डुकराच्या स्नायूंत जाऊन गाठी धरतात. अशा मांसात साबुदाण्यासारखे पांढुरके दाणे दिसतात. ते मांस अर्धेकच्चे खाल्ले तर माणसाच्या आतड्यात जंत तयार होतो. खरा अनर्थ पुढे आहे. जंत बाळगणाऱ्या माणसाच्या विष्ठेतील अंडी न धुतलेल्या हातांतून, सांडपाण्यावर वाढलेल्या कोथिंबीर-मुळ्यातून किंवा दूषित पाण्यातून दुसऱ्या माणसाच्या पोटात गेली, तर अळ्या त्याच्या मेंदूत गाठी धरतात आणि त्याला फिट येऊ लागतात. ज्या भागांत हा जंत पक्का रुजलेला आहे, तेथे अपस्माराच्या सुमारे ३० टक्के रुग्णांमागे हेच कारण असते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. जन्मात कधी मांस न खाल्लेल्या माणसालाही मेंदूतील हा आजार होऊ शकतो, कारण तो डुकराच्या मांसातून थेट होत नाही, माणसाच्या विष्ठेतून होतो.

या चक्रात डुकराला गुन्हेगार ठरवणे सोपे आहे आणि अन्यायाचे आहे. उघड्यावर शौचाला जाणे थांबले, वस्तीतील शौचालयांना पाणी मिळाले, त्यांची सांडपाण्याची वाट झाकली गेली, तर डुक्कर आपोआप निर्धोक होते. ज्या वस्तीला सार्वजनिक शौचालयात पाणी नाही, तेथे डुकरे पकडण्याची मोहीम राबवून फीतकृमी हटणार नाही. पशुवैद्यकशास्त्राकडेही यावर साधन आहे: डुकरांसाठीची या जंतावरील लस हैदराबादच्या इंडियन इम्युनोलॉजिकल्स या कंपनीत तयार होते, आणि ऑक्सफेंडाझोल हे औषध पशुवैद्यकाच्या सल्ल्याने दिल्यास डुकरांच्या स्नायूंतील गाठी नष्ट होतात. मांस कापण्यापूर्वी आणि कापल्यानंतर पशुवैद्यकीय तपासणी होणारी स्वच्छ जागा शहरात असणे, ही महानगरपालिकेची जबाबदारी आहे.

स्वाइन फ्लू या नावाने झालेल्या गोंधळाचाही येथे उल्लेख करावा लागतो. २००९ साली पुण्यात त्या साथीने देशातील पहिला बळी घेतला आणि महाराष्ट्रभर डुकरांकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. त्या विषाणूतील काही जनुके मूळ डुकरांमधील विषाणूंतून आलेली होती हे खरे, पण साथ पसरली ती माणसाकडून माणसाकडे, खोकल्या-शिंकेतून. नाव एका प्राण्याला चिकटले आणि त्याची किंमत पालकांनी मोजली.

प्रतिजैविकांचा विषयही थोडक्यात सांगायला हवा. विषाणूमुळे आलेल्या तापावर ती चालत नाहीत, तरीही ताप दिसताच दुकानातून आणलेले इंजेक्शन टोचले जाते. त्यात पैसे जातात, निदानाला उशीर होतो आणि औषधांना दाद न देणारे जिवाणू तयार होतात. माणसाच्या उपचारातील शेवटचे हत्यार मानले जाणारे कोलिस्टिन हे औषध मांस, अंडी व दुधासाठी पाळलेल्या जनावरांना देण्यावर केंद्र सरकारने जुलै २०१९ मध्ये बंदी घातली, ती याच कारणाने.

रोग फुटल्यानंतरच्या पहिल्या दोन दिवसांत लहान पालक काय करतो, यावर साथीचे पुढचे सारे अवलंबून असते. एक डुक्कर मेले, दुसरे खात नाही, हे दिसताच उरलेली पडेल त्या भावाने विकून टाकावीत असे त्याला वाटते, आणि ते अगदी समजण्याजोगे आहे. व्यापारी ती स्वस्तात घेतो, दुसऱ्या वस्तीत किंवा दुसऱ्या तालुक्यात विकतो किंवा कापतो आणि आठवड्याभरात बदनापूरपासून अंबडपर्यंत रोगाची ठाणी तयार होऊ शकतात. मेलेले डुक्कर रात्री कुंडलिकेच्या पात्रात किंवा नाल्यात टाकले तर पाण्याबरोबर आणि कुत्र्यांबरोबर विषाणू पुढे जातो. २००९ च्या प्राण्यांमधील संसर्गजन्य रोग प्रतिबंध व नियंत्रण कायद्याने अशा रोगाची खबर देणे मालकावर बंधनकारक केले आहे आणि आजारी जनावर वेगळे ठेवण्याचीही सक्ती आहे. पण घाबरलेल्या माणसाला कायद्याचे कलम धीर देत नाही. खबर दिल्यावर आपल्याला काय मिळेल, याचे स्पष्ट उत्तर धीर देते.

येथे गाई-बैलांच्या लम्पी या त्वचारोगाचा अनुभव बोलका आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये जळगाव जिल्ह्यात महाराष्ट्रातील त्या वर्षीच्या लम्पीच्या साथीची सुरुवात झाली, तेव्हा राज्याने लशी विनामूल्य दिल्या आणि दगावलेल्या गाईसाठी ३० हजार, बैलासाठी २५ हजार आणि वासरासाठी १६ हजार रुपये मदत जाहीर केली. मदत मिळणार म्हणून खबर द्यायला शेतकरी स्वतः पुढे येऊ लागले. आफ्रिकन स्वाइन फीवरच्या राष्ट्रीय कृती आराखड्यानुसार रोग निश्चित झालेल्या जागेपासून एक किलोमीटर त्रिज्येतील सर्व डुकरे शास्त्रीय पद्धतीने मारावी लागतात आणि दहा किलोमीटरच्या परिसरावर पाळत ठेवावी लागते. नवीन जालन्यात असा एक किलोमीटर आखला तर अनेक वस्त्या त्यात येतील आणि दहा किलोमीटरमध्ये सारे शहर आणि भोवतालची गावे सामावतील. शासनाच्या आदेशाने मारलेल्या डुकरांची भरपाई केंद्र आणि राज्य निम्मी-निम्मी देतात. रोगाने आपोआप मेलेल्या डुकराला मात्र ती लागू होत नाही. म्हणजे जो लवकर सांगतो त्याला काहीतरी मिळते, जो वाट पाहतो त्याच्या हाती काहीच उरत नाही. हा नियम पालकांना साथ येण्याआधी, त्यांच्या वस्तीत बसून, त्यांच्या भाषेत समजावून सांगितला गेला पाहिजे. आणि ज्याने पहिल्याच दिवशी प्रामाणिकपणे खबर दिली, त्याच्या त्याआधी मेलेल्या डुकरांसाठीही मदतीची तरतूद राज्याने करावी, ही मागणी रास्त आहे.

मृत जनावरांच्या विल्हेवाटीत जालन्याची जमीनही अडचण निर्माण करते. सहा ते आठ फूट खोल खड्डा, चुन्याचे थर आणि वर घट्ट माती, तेही विहीर-बोअरपासून दूर, असे शास्त्र सांगते. पण दख्खनच्या पठारावर दोन-चार फुटांखाली मुरूम आणि काळा पाषाण लागतो आणि हातकुदळीने तेथे खड्डा होत नाही. एखाद्या कुटुंबाकडून ही अपेक्षा करणेच चूक आहे. जागा आधीच ठरवून ठेवणे आणि खबर मिळताच खोदणारे यंत्र पाठवणे हे महानगरपालिकेचे काम आहे, आणि ते साथ आल्यावर ठरवत बसण्यासारखे नाही.

मोकाट डुकरांविरुद्धच्या मोहिमा शहरोशहरी निघतात. बाहेरगावचे ठेकेदार बोलावले जातात, डुकरे पकडून गाड्या भरून दूर नेली जातात. रोगनियंत्रणाच्या दृष्टीने ही पद्धत धोक्याची आहे, कारण तपासणी न केलेली जनावरे एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात नेणे म्हणजे रोग असेल तर तो वाटणे होय. शिवाय मोहिमेच्या भीतीने पालक आपली डुकरे दडवतो आणि दडवलेल्या डुकरांना लस टोचता येत नाही. शहराच्या कडेला पाणी, कुंपण आणि सांडपाण्याची सोय असलेली जागा नेमून देणे, पालकांची नावनिशी नोंद करणे आणि प्रत्येक डुकराच्या कानात ओळखपट्टी घालणे याला पैसे लागतील, पण ते एका साथीच्या खर्चाहून पुष्कळ कमी असतील. राष्ट्रीय पशुधन अभियानातील वराहपालनाचे अनुदान पन्नास ते शंभर माद्यांचा प्रकल्प उभारणाऱ्यासाठी आखलेले आहे. तीन माद्या पाळणारे कुटुंब त्या चौकटीत बसत नाही, म्हणून त्याच्यासाठी वेगळी, लहान आणि सोपी योजना हवी.

तोवर नवीन जालन्यातील आणि जिल्ह्यातील प्रत्येक वराहपालकाने एवढे तरी करावे: डुक्कर खाणे सोडून तापाने पडले, कान जांभळे दिसले किंवा एकापाठोपाठ दोन जनावरे मेली, तर विकू नये, कापू नये, नदीत टाकू नये; उरलेली जागच्या जागी बांधून ठेवावीत आणि त्याच दिवशी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे किंवा फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी असलेल्या १९६२ या निःशुल्क क्रमांकावर दूरध्वनी करावा.